जुन्या कागदांची परीक्षा व वस्तुमानमापक यंत्राची साक्ष

जुने कागद व पोथ्या जमविणाऱ्यांस एक प्रश्न पदोपदीं पडतो : हातीं आलेला कागद अस्सल कीं बनावट ? अक्षराचें वळण, शाई, मायना, शिक्का, मोर्तब आणि तिथिवारांचा मेळ यांवरून या प्रश्नाचा निकाल करण्याची आपली रीत आहे. गेल्या कांहीं दशकांत या रीतीच्या जोडीस एक नवा साक्षीदार आला आहे. न्यायसहायक प्रयोगशाळांतून विषें, मादक द्रव्यें व स्फोटकें यांचा छडा लावणारें ‘मास स्पेक्ट्रोमीटर’ नांवाचें यंत्र आतां पोथ्या, नकाशे व चित्रें यांच्या चौकशींतही उभें राहतें. त्यास आम्ही या लेखांत ‘वस्तुमानमापक’ म्हणूं.

या साक्षीदाराविषयीं संग्राहकांत दोन टोकांचीं मतें ऐकूं येतात. एक पक्ष म्हणतो, यंत्रानें सन सांगितला कीं वाद मिटला. दुसरा म्हणतो, कागदाचा तुकडा जाळून मिळणारें ज्ञान आम्हांस नको. यंत्रास काय विचारलें असतां तें कशाचें उत्तर देतें, हें न पाहतांच दोन्ही पक्ष बोलतात. यंत्र पदार्थाचे घटक सांगतें व पदार्थाचें वय सांगतें. त्यावर लिहिलेल्या मजकुराचा काळ तें सांगत नाहीं. हा भेद न पाळल्यानें केवढे घोटाळे होतात, आणि शिवकाल व पेशवाई यांच्या कागदांपुरती या साक्षीची किंमत किती, हें दाखविणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

१. यंत्राचें तत्त्व

खळ्यावर वाऱ्यांत धान्य उफणतांना जड दाणा जवळ पडतो व हलका कोंडा दूर जातो. वस्तुमानमापकाचें काम याच जातीचें आहे. तपासावयाच्या पदार्थाचे अणु अथवा रेणु प्रथम विद्युद्भारित करितात. मग निर्वात नळींतून वेगानें सोडून त्यांस चुंबकाच्या अथवा विद्युत्क्षेत्राच्या ओढींतून नेतात. हलके कण अधिक वळतात, जड कण कमी वळतात, आणि शेवटीं कोणत्या वजनाचे कण किती आले याची यादी मिळते. रेणु वाटेंत फुटला तर त्याचे तुकडेही ठराविक वजनांचेच पडतात. म्हणून ही यादी त्या पदार्थाच्या अंगठ्याच्या ठशासारखी ओळख पटविते. तपासावयाचें द्रव्य मिश्र असल्यास तें आधीं वायुरूप करून एका लांब, बारीक नळींतून सोडतात व एकेक घटक निराळा होऊन बाहेर येईल तसा तो यंत्रास देतात. न्यायसहायक प्रयोगशाळांत विषपरीक्षेसाठीं ही जोडगोळीच विशेष वापरांत आहे.

यंत्राचा उगम केंब्रिजचा. तेथें जे. जे. टॉमसन यांनीं १९१२-१३ च्या सुमारास निऑन वायूचे २० व २२ वजनांचे अणु या युक्तीनें निरनिराळे पाहिले. त्यांचे सहकारी फ्रान्सिस ॲस्टन यांनीं १९१९ सालीं सुधारलेलें यंत्र उभारलें व त्यांस १९२२ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें.

२. शाईची साक्ष

आपल्या जुन्या लेखनाची काळी शाई काजळ व डिंक यांची, आणि पोथींतील तांबड्या खुणा बहुधा हिंगुळाच्या. हिंगूळ हा पारा व गंधक यांचा संयोग. विलायतेंत विल्यम पर्किन यांनीं १८५६ सालीं पहिला कृत्रिम जांभळा रंग काढला, आणि पुढें त्या जातीच्या रंगांची रीघ लागली. ‘इओसिन’ हा तांबडा रंग १८७० नंतरच्या दशकांत निघाला. त्याच्या रेणूंत ब्रोमीनचे चार अणु असतात. ब्रोमीनच्या अणूंचे ७९ व ८१ वजनांचे दोन प्रकार निसर्गांत जवळजवळ सारखेच आढळतात. त्यामुळें इओसिनच्या यादींत दोन-दोन वजनांच्या अंतरानें पांच टोकांची एक ठळक खूण उठते. ती चुकणें कठीण. शके १६७० ची म्हणून पुढें आलेल्या पत्राच्या तांबड्या रेघेंत ही खूण सांपडली, तर ती रेघ तरी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाहून जुनी नाहीं हें ठरलें.

येथेंच सावध राहावयाचें. रेघ नवी ठरली म्हणून पत्र बनावट ठरत नाहीं. मागाहून कोणी वाचणाऱ्यानें तांबड्या शाईनें खूण केली असेल. यंत्रानें रेघेची साक्ष दिली; पत्राची दिली नाहीं.

अलीकडच्या दस्तऐवजांत, म्हणजे बॉलपेननें लिहिलेल्या मृत्युपत्रांत व करारनाम्यांत, हें यंत्र आणखी पुढें जातें. जांभळ्या-निळ्या शाईंतील ‘क्रिस्टल व्हायोलेट’ रंगाचा कण यंत्रांत ३७२ वजनाचा दिसतो. उजेडानें तो हळूहळू झिजतो, आणि ३५८, ३४४ असे चौदा-चौदानें उतरलेले कण वाढत जातात. उजेड किती लागला यावर ही झीज अवलंबून असल्यानें तीवरून सन सांगतां येत नाहीं. पण एकाच पानावरील दोन ओळी एकाच वेळच्या आहेत काय, या शंकेस तिचा उपयोग होतो.

३. कार्बनचें घड्याळ

संग्राहकांच्या दृष्टीनें वस्तुमानमापकाचें मोठें काम कालनिर्णयाचें आहे. सर्व वनस्पति हवेंतील कार्बन घेऊन वाढतात. त्या कार्बनांत १२ वजनाचे अणु मुख्य, १३ वजनाचे शेंकडा एक, आणि १४ वजनाचे सुमारें एक लाख कोटींत एक असतात. वनस्पति मेली कीं नवा पुरवठा थांबतो, आणि तिच्यांतील कार्बन-१४ दर ५७३० वर्षांस निम्मा होत जातो. शिकागो येथील विलर्ड लिबी यांनीं १९४९ सालीं या तत्त्वावर वय काढण्याची रीत प्रसिद्ध केली. १९६० चें रसायनाचें नोबेल पारितोषिक त्यांस त्याबद्दल मिळालें.

लिबींच्या रीतींत फुटणारे अणु मोजीत बसावें लागे. एक मिलिग्रॅम ताज्या कार्बनांत दिवसाकाठीं वीसएक अणु फुटतात. तेव्हां भरंवशाचें माप घेण्यास कित्येक ग्रॅम कार्बन लागे. उत्खननांतील कोळसा तेवढा मिळतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें १९६० नंतरच्या दशकांत नेवासें, चांदोली वगैरे स्थळांचे काल याच मार्गानें दिले. पोथीच्या बाबतींत मात्र या रीतीनें पानेंच्या पानें जाळावीं लागलीं असतीं.

१९७७ च्या सुमारास ही अडचण दूर झाली. त्याच एका मिलिग्रॅमांत कार्बन-१४ चे सुमारें सहा कोटि अणु असतात. ते फुटण्याची वाट न पाहतां वस्तुमानमापकानें सरळ मोजावे, ही कल्पना. विघ्न एवढेंच कीं हवेंतील नायट्रोजनच्या अणूचें वजनही १४ च आहे, आणि त्याची संख्या अपार. तोड अशी निघाली कीं कणांस ऋण विद्युद्भार द्यावा. नायट्रोजनचा अणु असा भार धरून टिकत नाहीं व आपोआप गळतो. मग मोठ्या विद्युद्दाबानें कणांचा वेग वाढवून त्यांचीं इलेक्ट्रॉनांचीं कवचें उतरवितात. त्यानें १४ वजनाचें सोंग घेतलेले रेणु फुटतात, आणि खरा कार्बन-१४ तेवढा उरतो. या रीतीस कागदाचे थोडे मिलिग्रॅम पुरतात. तांदळाच्या एका दाण्याचें वजन याहून अधिक भरेल. आपल्या देशांत दिल्लीचें आंतर-विद्यापीठ त्वरक केंद्र व अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा येथें हीं यंत्रें आहेत.

४. दोन बोधप्रद प्रकरणें

अमेरिकेंतील येल विद्यापीठानें १९६५ सालीं ‘विनलंड नकाशा’ प्रसिद्ध केला. कोलंबसाच्या आधीं अर्धशतक काढलेल्या या नकाशांत ग्रीनलंडच्या पश्चिमेस अमेरिकेचा किनारा दाखविला आहे, असा त्याचा लौकिक झाला. चर्मपत्राचें वय कार्बनवरून काढलें तें १४३४ च्या सुमाराचें निघालें. हा निष्कर्ष २००२ सालीं छापला गेला. एवढ्यावरच थांबणाऱ्यास नकाशा अस्सल वाटला असता. परंतु शाईचे कण सूक्ष्मदर्शकाखालीं पाहणाऱ्या वॉल्टर मॅक्रोन यांनीं १९७४ सालींच तींत टिटॅनियमचा असा एक पांढरा रंग दाखविला होता, जो १९२० च्या सुमारास बाजारांत आला. अखेर २०२१ सालीं येलनेंच क्ष-किरणांच्या यंत्रानें सबंध नकाशा तपासून रेघारेघेंत टिटॅनियम असल्याचें व नकाशा बनावट असल्याचें जाहीर केलें. पाठीवरची जुनी लॅटिन टीप आधुनिक शाईनें गिरवून बदलल्याचेंही त्या वेळीं उघड झालें.

चर्मपत्र खरोखर पंधराव्या शतकाचें होतें. बनावट करणाऱ्यानें जुनें कोरें चर्मपत्र मिळविलें, इतकाच त्याचा अर्थ. जुन्या दफ्तरांतील कोरे बंद व पोथीचीं मोकळीं पानें यांस गिऱ्हाईक कां असतें, हें ज्यानें पाहिलें आहे त्यास हें नवल वाटणार नाहीं. आणखी एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी. उत्तरेकडील नॉर्स लोक अमेरिकेच्या किनाऱ्यास पोंचले होते, ही गोष्ट न्यूफाउंडलंडमधील उत्खननानें सिद्ध झाली आहे. म्हणजे नकाशाचा आशय खरा, तरी नकाशा खोटा. कागदांतील हकीकत इतर पुराव्याशीं जुळते म्हणून कागद अस्सल, हें अनुमान किती कच्चें तें यावरून दिसेल.

दुसरें प्रकरण आपल्या विद्येच्या अधिक जवळचें. १८८१ सालीं पेशावरकडील बख्शाली गांवीं एका शेतकऱ्यास जमिनींत गणिताची एक भूर्जपत्री पोथी सांपडली. शारदा लिपींतील तिचीं सत्तर पानें १९०२ पासून ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयांत आहेत. शून्यासाठीं टिंब वापरल्यामुळें तिची कीर्ति मोठी. काळाविषयीं मात्र तिसऱ्या शतकापासून बाराव्यापर्यंत मतें होतीं. २०१७ सालीं तीन पानांचे नमुने तपासून ग्रंथालयानें जाहीर केलें कीं एक पान इ. स. २२४ ते ३८३ मधील, दुसरें ६८० ते ७७९ मधील, व तिसरें ८८५ ते ९९३ मधील आहे. वृत्तपत्रांनीं यांतला सर्वांत जुना आंकडा उचलून शून्य तिसऱ्या-चौथ्या शतकांत नेऊन बसविलें.

त्याच वर्षीं किम प्लॉफ्कर, आगाथ केलर, ताकाओ हायाशी, क्लेमेन्सी मॉन्टेल व डॉमिनिक वुयास्टिक या पांच पंडितांनीं हरकत घेतली. ग्रंथ एकसंध आहे, लेखनाची धाटणी सलग आहे. तेव्हां तीन पानें तीन निरनिराळ्या शतकांत लिहिलीं गेलीं हें संभवत नाहीं, असें त्यांचें म्हणणें. यंत्राच्या आंकड्यांपुढें हें म्हणणें केवळ वाचनाच्या बळावर उभें होतें. पुढें तपासणी नव्यानें झाली, आणि २०२४ सालीं पोथीचा काळ स्थूलमानानें इ. स. ८०० ते ११०० यांच्या दरम्यानचा ठरला. अक्षर व आशय यांवरून हायाशी यांनीं आधींच आठवें ते बारावें शतक सांगितलें होतें. येथें पोथी वाचणाऱ्यांनीं यंत्राची चूक धरून दिली व यंत्रानें पुन्हां मोजून ती मान्य केली. आमच्या मतें दोघांचें नातें असेंच असावें.

५. शिवकाल व पेशवाई यांची अडचण

आतां आपल्या घरच्या कागदांकडे वळूं. येथें एक गोष्ट स्पष्ट सांगणें भाग आहे : इ. स. १६५० ते १९५० या तीन शतकांत कार्बनचें घड्याळ जवळजवळ निरुपयोगी आहे. हवेंतील कार्बन-१४ चें प्रमाण सर्व काळ सारखें नसतें. सुमारें १६४५ ते १७१५ या काळांत सूर्यावरील डाग जवळजवळ नाहींसे झाले होते. तेव्हां हें प्रमाण वाढलें. नंतर तें खालींवर होत राहिलें, आणि एकोणिसाव्या शतकापासून दगडी कोळशाच्या धुरानें उतरूं लागलें. योगायोग असा कीं सूर्याच्या त्या मंदीचा काळ म्हणजे शिवछत्रपतींच्या उदयापासून बाळाजी विश्वनाथ पेशव्यांपर्यंतचा. परिणामीं एकाच मापास अनेक सन जुळतात. ज्या नमुन्याचें माप सुमारें दोनशें वर्षांचें येतें, त्यास १६५० ते १६८५, १७३५ ते १८०५, आणि १९३० नंतरचीं वर्षें अशीं तीन उत्तरें एकदम मिळतात. शिवाजीमहाराजांचें पत्र, सवाई माधवरावांच्या वेळची त्याची नक्कल, आणि १९४० सालच्या कागदावरील तोतया पत्र यांत यंत्रास फरक करितां येत नाहीं.

शिवाय घड्याळ चालू होतें तें ताग कापला त्या दिवशीं. आपल्याकडील हातकागद बहुधा सणाचीं जुनीं दोरखंडें, जाळीं व गोणपाट कुटून करीत. म्हणजे पीक व कागद यांत कांहीं वर्षांचें अंतर पडलें. कागद व लेखन यांत आणखी किती पडलें हें कोणी सांगावें? तेव्हां प्रयोगशाळेचा दाखला जोडून ‘हें पत्र १६७० चें सिद्ध झालें’ असें कोणी म्हणूं लागल्यास त्यावर विश्वास ठेवूं नये. तसें सिद्ध होऊंच शकत नाहीं.

६. १९५५ नंतरची खूण

मग आपणांस या यंत्राचा उपयोग काय ? उपयोग एका प्रश्नापुरता आहे, परंतु तेथें तो फार मोठा आहे. अणुबाँबच्या उघड्या चांचण्यांमुळें १९५५ पासून हवेंतील कार्बन-१४ झपाट्यानें वाढला, आणि १९६३ च्या सुमारास उत्तर गोलार्धांत तो पूर्वीच्या जवळजवळ दुप्पट झाला. त्या सालीं चांचण्यांवर निर्बंध घालणारा तह झाला व प्रमाण उतरूं लागलें. या वर्षांत वाढलेल्या प्रत्येक झाडावर, तागावर व कापसावर ही खूण कायमची बसली आहे. पूर्वींच्या कोणत्याही काळांत असें प्रमाण नव्हतें. म्हणून येथें दोन उत्तरें संभवत नाहींत.

या खुणेनें उघडकीस आलेलें एक प्रकरण प्रसिद्ध आहे. फेर्नां लेजे या फ्रेंच चित्रकाराचें म्हणून समजलें जाणारें एक चित्र व्हेनिसच्या पेगी गुगेनहाइम संग्रहांत होतें. इटालियन शास्त्रज्ञांनीं २०१४ सालीं त्याच्या कापडाचा धागा तपासला, तों कापूस १९५९ नंतरचा निघाला. लेजे १९५५ सालींच वारला होता.

जुन्या कापडावर किंवा कागदावर काम करणारा ठक यांतून निसटेल, असा आक्षेप येईल. त्यास २०१९ सालीं झुरिकच्या शास्त्रज्ञांनीं उत्तर दिलें आहे. १८६६ चा सन घालून १९८५ सालीं केलेल्या एका बनावट चित्राचा रंगच त्यांनीं तपासला. रंगांत मिसळलेलें जवसाचें तेल फार दिवस सांठवीत नाहींत. त्यामुळें तेलाचें वय हेंच चित्राचें वय. तेलांत बाँबची खूण सांपडली. नमुना एक मिलिग्रॅमहूनही कमी होता.

हा धागा आपणांस धरितां येईल. आपल्या शाईंतील डिंक हाही झाडाचा ताजा स्राव आहे. जुन्या जुन्नरी किंवा दौलताबादी कोऱ्या कागदावर १९७० सालीं कोणी शाई घोटून सनद लिहिली असेल, तर कागद खरें बोलला तरी डिंक त्यास खोटें पाडील. अक्षरावरचा डिंक कागदापासून निराळा करणें फार नाजूक काम आहे, परंतु वाट तीच आहे. काजळाची साक्ष मात्र फसवी. तिळाच्या तेलाचें काजळ त्या वर्षाचें वय दाखवील. रॉकेलच्या काजळांत कार्बन-१४ मुळींच नसल्यानें कालची शाईही हजारों वर्षांची भासेल.

ही खूण आपणांस फार काळ साथ देणार नाहीं. उतरतां उतरतां हवेंतील प्रमाण २०२१ च्या सुमारास पुन्हां जुन्या पातळीस येऊन पोंचलें. गेल्या शतकाच्या उत्तरार्धांतील बनावट कागद यापुढेंही ओळखूं येतील. परंतु आजच्या ताज्या डिंकानें व तागानें केलेली बनावट जुन्यापासून वेगळी काढणें दिवसेंदिवस कठीण होणार. ज्या संग्रहांत संशयित कागद आहेत त्यांनीं आजच्या खरेदीची नोंद दक्षतेनें ठेवण्याचें हें एक कारण.

७. संग्राहकांस सूचना

पहिली गोष्ट क्रमाची. अक्षर, भाषा, मायना, शिक्का व जंत्रीशीं तिथिवाराचा मेळ यांवर जो कागद टिकत नाहीं, तो यंत्रापर्यंत नेऊंच नये. त्यानंतर भिंग व जंबुपार किरणांचा दिवा. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घातलेलीं आधुनिक द्रव्यें या दिव्याखालीं निळीं चमकतात, व हें काम फुकटांत होतें. तेवढ्यानें न मिटलेल्या शंकेसाठींच कागदाचा कण खर्चावा.

दुसरी, नमुन्याची. मजकूर, शिक्का अथवा जोड यांस हात न लावतां कोऱ्या समासांतून नमुना घ्यावा. आधीं छायाचित्र घ्यावें, व तो कोठून, कोणासमक्ष घेतला याचा लेख करावा. पोथी असल्यास एका पानावर भिस्त ठेवूं नये. १९८८ सालीं ट्युरिनच्या वस्त्राची परीक्षा झाली तेव्हां ऑक्सफर्ड, झुरिक व ॲरिझोना येथील तीन प्रयोगशाळांस नमुने दिले, व सोबत ज्ञात वयाच्या इतर कापडांचेही तुकडे दिले. तिघींचें मत १२६० ते १३९० असें जुळलें. ज्ञात सनाच्या कागदाचा तुकडा सोबत पाठविण्याची ही रीत अनुकरणीय आहे. कित्येकदां कापाकापीही लागत नाहीं : यॉर्कच्या संशोधकांनीं २०१५ सालीं चर्मपत्रावर खोडरबर हलकेंच घासून, त्या कचऱ्यांतील प्रथिनांवरून कातडें कोणत्या जनावराचें तें सांगितलें.

तिसरी, जतनाची. मैद्याची खळ, कीडनाशक तेलें, चिकटविलेलीं पारदर्शक अस्तरें, या सर्वांत परका कार्बन आहे. तो पुरता धुतला न गेल्यास वय चुकतें. कोणत्या कागदास केव्हां काय लावलें याची वही ठेवावी.

चौथी व मुख्य गोष्ट ताब्याची. तीस वर्षांहून जुना दस्तऐवज योग्य ताब्यांतून आला तर न्यायालयानें तो अस्सल मानण्यास हरकत नाहीं, असें १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांत ९० वें कलम होतें. जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेंही तो नियम राखला आहे. कागद कोणाच्या घरीं, कोणत्या रुमालांत, कोणत्या कागदांच्या शेजारीं होता, ही माहिती कोणतेंही यंत्र मागाहून देऊं शकत नाहीं. दफ्तर फोडून सुटा कागद विकत घेणारा आपल्या हातानें ती साक्ष नष्ट करितो.

तात्पर्य, वस्तुमानमापकाची साक्ष नकाराची म्हणून बळकट आहे; होकाराची म्हणून ती दुबळी आहे. ‘हा कागद त्या काळचा नव्हे’ असें तें ठामपणें सांगूं शकतें. ‘हा लेख त्या काळचा आहे’ हें म्हणण्याची जबाबदारी पूर्वीप्रमाणेंच वाचणाऱ्यावर आहे, व ती त्यानें यंत्रावर ढकलूं नये.